सुधीर, सायकल घेण्याआधी एवढं वाच

मालवण

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. तीन मॉडेलांची नावं लिहून ‘यातली कुठली?’ असं विचारलंयस. नावं तूर्त बाजूला ठेव. रत्नागिरीत राहून तू फिरणार कुठं? आरे-वारेनं गणपतीपुळे, जयगडला फेरीबोटीत सायकल चढवून तवसाळ, कधीतरी साखरप्याहून आंबा घाट. म्हणजे खाडीवरून सड्यावर चढायचं आणि दम खातोयस तोवर पुढच्या खाडीत उतरायचं. सपाट रस्ता आपल्या वाट्याला नाही.

म्हणून आधी गिअर बघ, फ्रेम मागाहून. पुढे पेडलांपाशी ५०/३४ दात्यांच्या चकत्यांचा कॉम्पॅक्ट क्रँक, मागच्या चाकावर ११ ते ३४ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट. दुकानात ११-२८ गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. हिशेब कर: चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला ७० वेळा पेडल फिरवलंस, तर पुढच्या ३४ ला मागच्या २८ वर ताशी १०.७ किलोमीटर पडतात आणि ३४ ला ३४ वर ८.८. दहा टक्क्यांच्या चढावर तू आणि सायकल मिळून ८७ किलो धरलं, तर पहिल्याला सुमारे २७० वॉट लागतात, दुसऱ्याला २२०. वरचे पन्नास वॉट तुझ्या गुडघ्यांतून निघणार. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचाच हवा; शिमानोत त्याला जीएस म्हणतात. आखूड पिंजऱ्याला ३४ दाते पेलत नाहीत, म्हणून ‘नंतर कॅसेट बदलून देऊ’ यावर जाऊ नकोस. शिमानोच्या गिअर-संचांपैकी क्लॅरिस मागे आठ गिअरचा, सोरा नऊचा. माझ्या मते दोन्ही आपल्याकडे पुरेसे आहेत. आठ-नऊ गिअरची चेन स्वस्त पडते आणि थोडी रेती खाऊनही चालत राहते.

टायर २८ मिमीचे असले तरी फ्रेममध्ये ३२ चे मडगार्डसकट बसतात का, ते दुकानातच बघून घे. मडगार्डचे आटे नसलेली सायकल कोकणात घेण्यात अर्थ नाही. तुझं वजन ७५ किलोच्या आसपास असेल, तर २८ च्या टायरला हवेचा दाब मागे ७५, पुढे ७० पीएसआय. ३२ ला ६० आणि ५५. टायरवर छापलेला कमाल आकडा गाठलास तर ओल्या रस्त्यावर चाक घसरेल.

ब्रेक डिस्कचेच घे. पावसात तांबड्या मातीचं पाणी रिमवर चढतं, त्यातली कच रबराच्या पॅडमध्ये रुतते आणि रिम कानशीसारखी घासली जाते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, की केबलचे, हे दुकानावर ठरव. जवळपास कुणाकडे तेलातली हवा काढायचं ब्लीड किट नसेल तर केबलचे बरे, फक्त दर पावसाळ्यानंतर केबल आणि तिचं आवरण बदलायचं. हायड्रॉलिक घेतलंस तर शिमानोला मिनरल ऑइलच लागतं. डॉट फ्लुइड ओतलं की आतली सीलं फुगून ब्रेक कामातून जातात. स्वस्त रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्याला मेटल पॅड लावता येत नाहीत, आणि रेझिनचे पॅड चिखलात भराभर झिजतात. आधीच रोटर वाचून घे.

खाऱ्या हवेचं म्हणशील, तर कार्बन गंजत नाही हे खरं, पण त्यावरचे स्क्रू आणि बेअरिंगं गंजतात. कार्बनचे जादा पैसे तू चाकांत आणि टायरांत घाल. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, कोरडा घातला, तर ऑक्साइड धरून तो असा चिकटतो की शेवटी करवत घ्यावी लागते. आत ग्रीस लावायला सांग, आणि दर दोन महिन्यांनी तो काढून पुसून परत लाव. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ती बेअरिंगं, आट्यांचा हवा; ६८ मिमी बीएसए असं माप विचार. आट्यांशिवाय नुसत्या दाबून बसवलेल्या प्रेस-फिटमध्ये पाणी आणि रेती शिरली की चढावर पेडलागणिक करकर सुरू होते, आणि तो काढून बसवायची हत्यारं गावच्या सायकलवाल्याकडे नसतात.

मापाबाबत ‘मीडियम बसेल तुम्हाला’ यावर विश्वास नको. अनवाणी भिंतीला टेकून उभा राहा, जाड पुस्तक जांघेत वर दाबून धर, जमिनीपासून त्याच्या कडेपर्यंत मोज. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंटीमीटरला ७०.६. सीट नंतर वरखाली होते, फ्रेमची लांबी होत नाही. म्हणून तिन्ही मॉडेलांचे स्टॅक आणि रीच, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवं अंतर, एकमेकांशेजारी लिही. एकाचा मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढा निघतो.

आता दुकान. मॉडेलापेक्षा मी यालाच जास्त वजन देईन. पुणे, मुंबई, कोल्हापूर, गोवा, कुठूनही घे, पण सर्व्हिसला तुला तिथं परत जाता यायला हवं. रत्नागिरीहून त्यासाठी कोल्हापूर सोयीचं. पहिल्या काही आठवड्यांत केबलींची आवरणं दबून बसतात आणि गिअर उड्या मारतात, तेव्हा पहिली सर्व्हिस अटळ आहे. दुकानात विचार: सायकल जोडतो कोण, ठरावीक जोरानं स्क्रू आवळायचा टॉर्क पाना आहे का, या फ्रेमचा सुटा हँगर (मागचा डिरेलर ज्यावर टांगतात तो तुकडा) मिळेल का. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि मागवेपर्यंत ती घरात. दोन घेऊन ठेव. बिलावर फ्रेम नंबर लिहून घे. सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही आकडा तपास.

ताब्यात घेताना पुढचा ब्रेक आवळून सायकल मागेपुढे हलव; हँडलखाली टक्‌ टक्‌ जाणवलं तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं, सैल आहे. मागचं चाक उचलून चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर ने आणि गिअर आणखी दाब. ती स्पोककडे सरकली, तर डिरेलरला तिकडे जाण्यापासून अडवणारा लो स्क्रू नीट लावलेलाच नाही. तशी घाटात नेलीस तर डिरेलर चाकात जाईल. खोक्यातून मागवलीस तर बघ, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा बसवलेला असू शकतो. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, फोर्कच्या मागच्या बाजूला यायला हवा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते जोर लावून उजवीकडे पिळू नकोस.

जादा ट्यूबी आणि प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाच्या, व्हॉल्व्हचा पंप तिथूनच घे, गावात बहुधा मिळायचा नाही. पावसातून आलास की गोड्या पाण्यानं धू, पण बेअरिंगवर प्रेशरचा फवारा नको. चेन पुसून वेट ल्यूब, म्हणजे पावसाळी चेन-तेल, लाव, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि वरचं तेल पुसून टाक. काकूंचं खोबरेल तेल चेनला लावायचा मोह आवर, ते थंडीत थिजतं आणि माती धरून बसतं.

जांघेचं माप आणि तिन्हींचे स्टॅक-रीच कळव, म्हणजे साइझ सांगतो. तोवर कुणाला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
अनंत