प्रात्यक्षिकात ‘मर्ज’ करून दाखवायला सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत, म्हणून हे पत्र. प्रोग्राममधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या ‘गिट’ या साधनाचे नाव आता आमच्या मुलामुलींना ठाऊक आहे. पण दोन ब्रांच (एकाच प्रोग्रामवर वेगवेगळ्या चाललेल्या कामाच्या शाखा) एकत्र करायच्या, म्हणजेच ‘मर्ज’ करायच्या, तर संकेतस्थळावर जाऊन बटण दाबायचे, एवढेच त्यांच्या मनात बसले आहे. नेट गेले की हात बांधल्यासारखे बसून राहतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी गिट लिहिले, तेव्हापासून त्याचा सगळा इतिहास ज्याच्या त्याच्या मशीनवरच असतो. बदल ज्या ब्रांचमध्ये आणायचे तिच्यावर जावे आणि ‘गिट मर्ज’ लिहून पुढे दुसरीचे नाव द्यावे. सुरत–भुसावळ गाडीत रेंज नसतानाही हे होते. दोंडाईच्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी करते.

कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांशी भिडून मर्ज अडले, की मुले घाबरून अख्खे फोल्डर उडवतात. खरे तर मर्जच्या आधी आपले काम कमिट केलेले (गिटमध्ये नोंदवलेले) असेल, तर ‘अबॉर्ट’चा पर्याय देऊन होते तिथे परत येता येते.

मला जास्त काळजी वाटते ती बिनतक्रार झालेल्या मर्जची. आमच्याकडे केळीच्या भावाचा प्रकल्प होता. एकीने भाव क्विंटलमागे साठवायला घेतला, दुसऱ्याने वेगळ्या फाइलीत बिलाचा हिशेब किलोमागे धरला. गिटने हूं की चूं केले नाही, आणि बिल शंभरपट निघाले. ब्रांच जिथून फुटल्या तो कमिट आणि दोन्ही टोके अशी तिन्हींची तुलना गिट करते. एकाच जागी दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील, तिथे थांबते. क्विंटल आणि किलो त्याला कळत नाहीत. मर्जनंतर प्रोग्राम चालवून पाहणे हे माणसाचेच काम, आणि तेच कोणी शिकवत नाही.

बाह्य परीक्षकांना विनंती आहे, की छापील प्रकल्प-अहवाल चाळण्यात जाणाऱ्या वेळातला थोडा वेळ याला द्यावा. प्रयोगशाळेचे नेट बंद करून विद्यार्थ्याला दोन ब्रांच द्याव्यात, मर्ज करायला सांगावे, आणि कोणाची ओळ ठेवली, का ठेवली, हे विचारावे. असे सराव-संच मी मराठी सूचनांसह तयार केले आहेत. खान्देशातल्या कोणत्याही महाविद्यालयाला ते विनामूल्य देईन.

आपली,
एक संगणक-शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)