बाबा, 'घर' कॅलेंडर तुमच्याच नावावर आहे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादा मोठ्या अक्षरांत छापून आणेल. फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि विषय पावसावर जातो, म्हणून लिहितेय. बाबा, सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधली पानं गाळू नका.

एक गोष्ट आम्ही दोघांनी ठरवली आहे आणि सुरूही केली आहे. यापुढे तुम्हा दोघांच्या डॉक्टरांच्या आणि तपासण्यांच्या तारखा दादा आणि मी घेणार. त्या सगळ्या फोनमधल्या गूगलच्या 'घर' नावाच्या कॅलेंडरमध्ये राहतील, तुमच्या, दादाच्या, वहिनीच्या आणि माझ्या फोनवर एकाच वेळी दिसतील. मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वहिनीचा नंबरही दिला आहे. तारीख पुढेमागे झाली तर निरोप पुण्यालाही जाईल.

बाबा, तुम्हाला हे लगेच रुचणार नाही, ठाऊक आहे. पण आईच्या डोळ्याच्या वेळी काय झालं ते आठवा. मंगळवारची तारीख गुरुवारवर गेली आणि ते फक्त वीजबिलाच्या पाठीमागे लिहिलेलं होतं. दादा रजा काढून मंगळवारी सांगलीत हजर. गुरुवारी मात्र तुम्ही एकटे आईला घेऊन रिक्षाने मिरजेला गेलात, दुपारपर्यंत उपाशी बसलात आणि तिथेच तुमची साखर उतरली. आईच्या डोळ्यावर पट्टी आणि तिनेच तुम्हाला हाताला धरून बाहेर आणलं. मला हे सगळं मावशीकडून कळलं, तेही तिच्या तोंडून निसटलं म्हणून. "तुला लांब काळजी कशाला" असं आई म्हणते. अगं आई, काळजी न कळवल्याने कमी होत नाही. मग मी रात्री उठून बसते आणि आपल्या मनाने काहीबाही रचत राहते. माधवनगरच्या लग्नाच्या वेळीही तुम्ही असंच केलं होतं.

"व्हॉट्सॲपवर टाकत जाऊ ना" असं बाबा म्हणाले होते. टाकता की तुम्ही! पण तारीख एकदा टाकली की तिच्यावर चिनूचे फोटो येतात, काकांचे सुप्रभात येतात, आणि तीच तारीख बदलून पुन्हा टाकली की खरी कुठली हे कुणालाच कळत नाही. कॅलेंडरमध्ये एका गोष्टीची नोंद एकच. ती बदलली की सगळ्यांकडे बदलते.

आता तुमच्या मनातली खरी गोष्ट. पोरं आपल्यावर नजर ठेवणार, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही, बाबा. मे महिन्यात आले होते तेव्हा 'घर' हे कॅलेंडर मी तुमच्याच खात्यातून उघडलं. मालक तुम्ही आहात. आम्हाला त्यात लिहायची आणि बदलायची परवानगी तुमच्या खात्याने दिली आहे, आणि उद्या वाटलं तर दादाचं किंवा माझं नाव तुम्ही काढूनही टाकू शकता. तुमचं स्वतःचं जे वेगळं कॅलेंडर आहे, ज्यात भिशी आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठका आहेत, ते कुणालाही दिलेलं नाही. ते मला दिसत नाही आणि बघायचंही नाही. 'घर'मध्ये मात्र गुपित काही लिहू नका. 'खाजगी' अशी खूण केली तरी ज्यांना बदल करायची परवानगी आहे त्यांना ते वाचता येतं.

गूगलचा तो तयार कुटुंबगट का घेतला नाही, असं दादानेही विचारलं होतं. त्या गटात सहा माणसं बसतात आणि त्याचं कॅलेंडर आपोआप तयार होतं, पण गटातले सगळे एकाच देशात राहणारे लागतात. म्हणजे तुम्ही, दादा, वहिनी सगळे आत आणि मी एकटी म्युनिकमध्ये दाराबाहेर. मला ते नको होतं. म्हणून साधं कॅलेंडर करून प्रत्येकाच्या मेलच्या पत्त्यावर ते दिलं.

दादाचं गाडं जरा अडलं होतं. त्याने आधी ऑफिसच्या खात्यात नुसती लिंक जोडली. तशी लिंक जोडली की दिसतं, पण काही बदलता येत नाही, आणि आपण केलेला बदल तिथे पोचायला कित्येक तास लागतात. मग त्याच्या घरच्या गूगल खात्यावर घेतलं, तरी आयफोनच्या कॅलेंडरमध्ये 'घर' उमटेना. त्यासाठी ब्राउझरमध्ये गूगलचं सिंकचं एक वेगळं पान उघडून 'घर'समोर खूण करावी लागते. ती केल्यावर आलं. आता तो रेल्वेत बसल्या बसल्याही तारीख बदलू शकतो.

तुमच्या फोनवर, बाबा, दोन खाती आहेत. एक तुमचं आणि एक दुकानदाराने फोन देताना उघडून दिलेलं. तुम्ही लिहिलेल्या नोंदी त्या दुसऱ्या खात्यात जात होत्या, म्हणून आम्हाला दिसत नव्हत्या. तुमचं काही चुकत नव्हतं. ते खातं मी फोनमधून काढलेलं नाही, कारण चिनूच्या बारशाचे फोटो त्यातच आहेत. फक्त कॅलेंडरमध्ये त्याच्यासमोरची खूण काढली आहे. तरीही नवीन नोंद करताना नावाखाली 'घर' दिसतंय ना, एवढं बघा. नसेल तर तिथे बोट लावून 'घर' निवडा. तुमच्याकडे ते हिरव्या रंगात दिसेल. दादाकडे नारिंगी आहे, त्यावरून वाद घालू नका, रंग ज्याचा त्याचा असतो.

आई, कालनिर्णय आहे तिथेच राहील. खिळाही तोच आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिलही तीच. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या, हे सगळं तू चौकोनातच लिही. ते फोनमध्ये घालण्याचा हट्ट कुणीही करणार नाही. आणि तिथीचं तर फोनला जमतही नाही. त्याला 'दरवर्षी' सांगितलं की तो इंग्रजी तारीखच धरतो. आजीचं श्राद्ध, बाबांचा तिथीने वाढदिवस, हे दरवर्षी नव्या कालनिर्णयातून बघून घालावं लागतं. 2026 मध्ये तर अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून, त्यामुळे पुढच्या सगळ्या तिथी आणखी लांबतात. हे काम तुझं. तू फोनवर तिथी सांग, मी इथून नोंद करते. लहानपणी नवीन कालनिर्णय आलं की तू मला मांडीवर घेऊन आधी सगळ्यांचे वाढदिवस शोधायला लावायचीस, बाबा मागून आपली डायरी घेऊन यायचे आणि माझ्या फीची तारीख लाल शाईने लिहायचे. त्या डायरीतल्या रविवारच्या कोऱ्या पानांवर मी घरं काढायचे. बाबा कधी रागावले नाहीत, उलट घराला दार काढायचं राहिलं की दाखवायचे.

फोन सारखा वाजत राहणार नाही. सूचना ज्याच्या त्याच्या फोनवर वेगळी लावता येते. तुमच्याकडे आदल्या दिवशी, भेटीची जी वेळ असेल त्याच वेळेला एकदा येईल, आणि त्या दिवशी दोन तास आधी एकदा. वेळा सगळ्या भारताच्याच आहेत. तुमचं साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात माझे सकाळचे सात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की सहा. तुमच्या फोनवर साडेदहाच राहणार. "ती तेव्हा झोपलेली असेल" हा हिशोब करत बसू नका, फोन करा.

आता मी सांगते ते मुकाट्याने ऐकायचं. दर तीन महिन्यांची साखरेची तपासणी आधीच घालून ठेवली आहे. त्यातली एखादी पुढे ढकलायची झाली तर फोन विचारेल, फक्त हीच की पुढच्या सगळ्या. तिथे 'फक्त हीच' निवडा. चुकून एखादी नोंद पुसली गेली तर घाबरू नका, ती महिनाभर कचरापेटीत राहते आणि मी लॅपटॉपवरून परत आणू शकते. सेटिंग्जमध्ये जाऊन अख्खं 'घर' मात्र हटवू नका, ते सगळ्यांच्याच फोनमधून जाईल. अनोळखी माणसाने पाठवलेलं निमंत्रण आपोआप आत येऊ नये अशी सोय केली आहे, तरीही "केवायसी संपलं, इथे दाबा" असं काही दिसलं तर हात लावू नका आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेचा साहेब आहे म्हणाला तरी. हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घातला आहे. त्या दिवशी दादा येईल, तो यायच्या आत बँकेत जाऊन रांगेत उभे राहायचं नाही. आणि मिरजेला जाताना खिशात बिस्किटं. हेही नोंदीत लिहिलं आहे, वाचलंत ना?

आई, तुला टंकायचा कंटाळा येतो ना, मग कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाब आणि मराठीत बोल. "बाबांचा बीपी, संध्याकाळी सहा" म्हटलंस तरी ते लिहून घेतं.

बाबा, तुम्ही आमचं सगळं सांभाळलंत आणि एकही तारीख चुकू दिली नाहीत. आता तुमचं आम्हाला थोडं सांभाळू द्या. सगळं नका देऊ, तारखा तेवढ्या द्या. डॉक्टरांशी बोलणं, गोळ्यांचा डबा भरणं, आईला "थेंब घातलेस का" असं दहा वेळा विचारणं, हे तुमच्याकडेच राहील.

शनिवारी दादा येतोय. आईच्या डोळ्याची पुढची तारीख डॉक्टर सोमवारी सांगतील. ती दादाला घालू देऊ नका, तुम्हीच घाला, 'घर' निवडून. मला इथे दिसली की फोन करते.

तुमची,
मनू