जिवाणूंची कॅप्सूल की नियमित सराव?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आतड्यातील जिवाणू आणि खेळाडूंची दमसास यांवरचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र तो लेख वाचून ‘नेमकी कॅप्सूल घेतली की तंदुरुस्ती वाढेल’ असा समज होतो, आणि तो दूर व्हायला हवा.

२०१९ साली ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला व्हेलोनेला जिवाणूचा अभ्यास अशा लेखांत हमखास असतो. बॉस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंच्या विष्ठेत हा जिवाणू वाढलेला आढळला. तो व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टेटवर जगतो आणि त्यापासून प्रोपिओनेट हे मेदाम्ल बनवतो. तो दिल्यावर ट्रेडमिलवर सरासरी १३ टक्के जास्त वेळ धावले ते उंदीर. माणसांचा दम वाढतो, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. २०१४ साली आयर्लंडच्या रग्बी खेळाडूंमध्ये जिवाणूंची विविधता जास्त दिसली, पण त्यांच्या आहारात प्रथिनेही बरीच जास्त होती. श्रेय व्यायामाचे की आहाराचे, ते वेगळे काढता येत नाही.

सर्वसामान्यांना खरा उपयोगी आहे तो इलिनॉय विद्यापीठाचा २०१८ सालचा प्रयोग. व्यायाम न करणाऱ्या ३२ प्रौढांनी रोजचा आहार न बदलता सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम केला. सुरुवात ३० मिनिटांची, शेवटी ६० मिनिटे. ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू वाढले. सडपातळ व्यक्तींमध्ये अधिक, स्थूल व्यक्तींमध्ये कमी. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवल्यावर बहुतेक बदल ओसरले. सरावातला खंड किती महाग पडतो, हे यातून स्पष्ट दिसते.

त्या प्रयोगातली तीव्रता हृदयगतीवरून ठरवली होती. कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करा, उरलेल्याचे ६० टक्के काढून त्यात विश्रांतीची गती मिळवा. कमाल १८० आणि विश्रांतीची ७० असेल, तर सुरुवात मिनिटाला १३६ ठोक्यांवर. पुढे ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १५२.

ब्युटिरेट मुख्यतः तंतुमय अन्नातून बनते. म्हणून आहारात कडधान्ये, अख्खी धान्ये, भाज्या वाढवाव्यात, पण हळूहळू आणि पाण्यासह. एकदम वाढवले की पोट फुगते आणि लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्याचा पुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. उष्णता आणि पाण्याची कमतरता यांची भर पडली की अस्तर सैल होते. मळमळ, पेटके, जुलाब सुरू होतात. पोटाचा त्रास होणाऱ्यांनी शर्यतीआधी एक-दोन दिवस तंतुमय पदार्थ कमी करावेत. धावताना घ्यायच्या कर्बोदकांची सवय आतड्याला सरावातच लावावी: तासाला ३० ग्रॅमपासून ६० पर्यंत. त्यापुढे ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज लागते, कारण ग्लुकोज शोषण्याचा मार्ग साधारण ६० ग्रॅमला भरून जातो. आणि धावण्याआधी खबरदारी म्हणून आयबुप्रोफेन हे वेदनाशामक मुळीच घेऊ नये. व्यायामात आतड्याला होणारी इजा त्याने वाढते.

यापुढे अशा लेखांत प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, हे मथळ्याखालीच छापावे, ही विनंती.

आपला,
एक क्रीडा आहारतज्ज्ञ