भोक किती मारलंस?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मंगळवारी फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "भोक किती मारलंस?" मी म्हणाले, "चार्टप्रमाणे." तुम्ही म्हणालात, "कुठल्या चार्टप्रमाणे?" आणि मी चिडून फोन ठेवला. चूक माझीच होती, आणि दोन्हीकडे होती: फोनवरही आणि मशीनवरही.

बिडाचं झाकण होतं, त्यात अर्धा इंची बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश पाईप मापाचे, चार टेपर (आत निमुळते होत जाणारे) आटे पाडायचे होते. मी 19 मिलिमीटरचं ड्रिल मारलं, टॅप (आटे कापायचं हत्यार) मारला, टेफ्लॉन गुंडाळून प्लग आवळले. टेस्टिंगला पाणी भरलं आणि दोन प्लगांच्या कडेने थेंब धरायला लागले. मी टेप वाढवला, पान्याला पाईप लावून आवळलं, तरी थेंब होताच.

फोन ठेवल्यावर प्लग काढून भिंगातून पाहिलं. तोंडाकडचे आटे जरा तरी बरे होते, पण आत जावं तसे त्यांचे माथे चपटे, जणू कुणी कानस फिरवलीय. माथाच नाही म्हटल्यावर पाणी आट्याच्या वाटेने गोल गोल फिरत बाहेर येणारच. टेप तरी किती भरणार?

मी वाचलं होतं 19, ते सरळ आट्याचं. भिंतीवरच्या ड्रिलच्या तक्त्यात सरळ आणि टेपर असे दोन्ही रकाने शेजारी-शेजारी आहेत आणि माझं बोट एक रकाना सरकलं. टेपर अर्धा इंचीला, रीमर (भोक निमुळतं करायचं हत्यार) न मारता, 18.25 हवं होतं. व्यासात पाऊण मिलिमीटरचा फरक, म्हणजे एका बाजूला 0.375. आट्याची खोली मुळात 1.16, म्हणजे ऐवज किती हातचा गेला ते तुम्हीच काढा.

आई, तू इथे पान उलटशील म्हणून सांगते. तुझ्या पितळी सोऱ्याचा दांडा आठव. त्याचे आटे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे, फिरवशील तितका खाली जातो, कुठेच आवळत नाही. टेपर आटा म्हणजे बाटलीचं बूच. 16 मिलिमीटर आत गेलं की जाडीत 1 मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून जितकं आत तितकं घट्ट. बुचाला भोक सैल झालं तर काय होतं ते तुला सांगायला नको.

आणि बाबा, तो "अर्धा इंच"! आमच्याकडचा नवा अप्रेंटिस परवा 12.7चं ड्रिल हातात घेऊन उभा होता. अर्धा इंच म्हणजे 12.7, त्याचं गणित बरोबरच. पण या आट्यात 12.7 कुठेच सापडत नाही, बाहेरून तो 20.955 भरतो. नाव जुन्या पाईपच्या आतल्या पोकळीवरून पडलं आणि चिकटलं. मी त्याला हसले नाही, कारण माझं झाकण तेव्हा भंगाराच्या ट्रॉलीत पडलेलं होतं. पाऊण इंचीपर्यंत भोक वाढवून वाचवावं म्हटलं, पण भिंतीत तेवढं मटेरियल नव्हतं.

दुसरं झाकण काल केलं. आधी बिडाच्या तुकड्यावर 18.25 मारून पाहिलं, जसं तुम्ही उद्यमनगरच्या शेडमध्ये करायला लावायचात आणि मला तो वेळेचा नास वाटायचा. टॅप कोरडाच चालवला, अर्धी फेरी पुढे, जरा मागे, चुरा झाडत. टॅप पूर्ण आत घातला नाही. मधेच काढून प्लग हाताने लावून बघत गेले, आणि प्लग साडेचार फेऱ्यांना हातानेच थांबला तिथे सोडलं. पुढचं पान्याने. रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळी खालचा कागद कोरडा होता.

आता एक काम. तुमच्या लाल डब्यात अर्धा इंची टेपर टॅप दोन आहेत आणि एकाच्या दांड्यावरची अक्षरं घासून गेलीत. इंचाला 14 आटे मोजून तो बीएसपी ठरवू नका, अर्धा इंची एनपीटीचेही, म्हणजे अमेरिकन पाईप आट्याचेही, 14च असतात. फरक आट्याच्या कोनात आहे, बीएसपीचा 55 अंश आणि एनपीटीचा 60, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शनिवारी येते तेव्हा आटे मोजायचा गेज घेऊन येते, दोघं मिळून बघू. तोवर तो टॅप कुणाला देऊ नका. शेजारच्या काकांनाही नाही.

आई, चकल्या करणार असशील तर शनिवारी कर. सोऱ्या मी फिरवते.

तुमची,
ताई