बरोबरी कशी सोडवणार, ते आधी छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर जिल्ह्यातल्या साखळी स्पर्धांच्या बातम्या मी नेमाने वाचतो. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सरस गुणफरकाच्या जोरावर अमुक संघ उपांत्य फेरीत दाखल.’ तिथं मी दर वेळी अडकतो. गुणफरक पाहायचा हे ठरलं कधी? पहिला सामना सुरू व्हायच्या आधी, की शेवटचा संपल्यावर? ज्या संघाला घरी पाठवलं त्यानं या ‘दाखल’ झालेल्या संघाला साखळीत हरवलं होतं का? बातमीत यातलं काहीच नसतं. बातमीदाराची चूक नाही. संयोजकांनी दिलं तेवढंच तो लिहिणार.

मी मार्केट यार्डात एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. दिवसभर हळदीच्या पट्ट्या आणि उचल-जमा, संध्याकाळी बुद्धिबळ. सांगलीत वाढलेल्या माणसाला बुद्धिबळाचं वेड लागणं यात नवल नाही, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात ते हवेतूनच लागतं. पण आज लिहितोय ते एका परक्याच खेळाबद्दल. आमच्या मालकांचा नातू मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल बघतो. जानेवारी 2022 मधल्या एका सोमवारी सकाळी सौद्याची गडबड सुरू होण्याआधी तो गादीवर बसून ‘बरोबरी होऊ दे, बरोबरी होऊ दे’ असा जप करत होता. कुणी जिंकावं म्हणून देव पाण्यात ठेवणारे पाहिले होते, बरोबरीसाठी ठेवणारा हा पहिलाच. चौकशी केली आणि अडकलो. तो खेळ मला अजून धड कळत नाही. तक्ता मात्र कळतो.

त्या दिवशी लास व्हेगास रेडर्स आणि लॉस एंजेलिस चार्जर्स यांचा हंगामातला शेवटचा साखळी सामना होता. दोघांचे 9 विजय, 7 पराभव. तिकडं बरोबरी म्हणजे अर्धा विजय, अर्धा पराभव. सामना बरोबरीत सुटला असता तर दोघंही बाद फेरीत गेले असते आणि पिट्सबर्ग स्टीलर्स बाहेर पडले असते. तिघांची कामगिरी मग अगदी सारखी झाली असती, पण रेडर्स आणि चार्जर्स या दोघांनीही त्याच हंगामात पिट्सबर्गला हरवलेलं होतं. जादा वेळ संपत आली तरी गुण 32-32. शेवटच्या क्षणी रेडर्सनं किक मारून तीन गुण घेतले, 35-32. चार्जर्स बाहेर, पिट्सबर्ग आत. नातवाला चार्जर्सचं वाईट वाटलं. मला मात्र प्रश्न पडला, हे सगळं गणित त्या पोराला सामन्याआधीच कसं ठाऊक? तो म्हणाला, ‘काका, नियम छापलेले असतात. पायऱ्या ठरलेल्या असतात.’

त्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. एनएफएल या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत. 16-16 च्या दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार-चार संघांच्या चार डिव्हिजन. 2021 पासून प्रत्येक संघ 17 सामने खेळतो. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत, त्यामुळं नुसत्या विजयांच्या आकड्यावर भागत नाही. प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ पुढं जातात. चार डिव्हिजन विजेत्यांना एक ते चार क्रमांक, उरलेल्या तिघांना पाच ते सात. पहिल्या क्रमांकाला पहिल्या फेरीत पुढे चाल, आणि वरच्या क्रमांकाला घरचं मैदान.

एकाच डिव्हिजनमधले दोन संघ समान असतील तर पहिला प्रश्न एकच : आपसातल्या सामन्यांत कोण जिंकलं? तिथं सुटलं नाही तर डिव्हिजनमधली कामगिरी, मग दोघांचे जे प्रतिस्पर्धी समान होते त्यांच्याविरुद्धची कामगिरी, मग कॉन्फरन्समधली. पाचवी पायरी मला फार आवडली. तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांचा स्वतःचा हंगाम कसा गेला, हे ती पाहते. सहावीत तुम्ही खेळलेल्या सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी धरतात. बुद्धिबळाच्या स्विस लीगमध्ये बुकोल्झनं (म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेनं) बक्षीस हुकलेल्या आमच्या मंडळींना ही सहावी पायरी समजावून सांगायची गरज नाही. सातव्या-आठव्या पायरीला केलेल्या आणि दिलेल्या गुणांत संघाचा क्रमांक कितवा, ते बघतात. सरळ गुणफरक येतो नवव्या आणि दहाव्या पायरीवर, अकराव्यावर टचडाउनमधला (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्यातला) फरक, आणि सगळ्यात शेवटी, बाराव्या पायरीवर, नाणेफेक. वेगवेगळ्या डिव्हिजनमधल्या संघांसाठी यादी थोडी वेगळी आहे, पण तिथंही सुरुवात आपसातल्या सामन्यानं होते, झाला असेल तर. तिघं समान असतील तर एकानं उरलेल्या दोघांनाही हरवलेलं असलं, किंवा एक जण दोघांकडूनही हरलेला असला, तरच ही पायरी लागू होते. आणि एक जण बाजूला झाला की राहिलेल्या दोघांसाठी मोजणी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

या पायऱ्या नुसत्या कागदावर नाहीत. 2010 च्या हंगामात ग्रीन बे पॅकर्स, न्यूयॉर्क जायंट्स आणि टॅम्पा बे बकॅनियर्स तिघंही 10-6 वर (10 विजय, 6 पराभव) होते आणि जागा एकच उरली होती. पॅकर्सनी जायंट्सना हरवलं होतं, पण टॅम्पाशी त्यांची गाठच पडली नव्हती, म्हणून आपसातला निकाल लागू झाला नाही. कॉन्फरन्समधली कामगिरीही तिघांची सारखीच निघाली. शेवटी पॅकर्सनी हरवलेले संघ जास्त दमदार होते म्हणून ते सहाव्या, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या, क्रमांकानं आत आले. मग फिलाडेल्फिया, अटलांटा, शिकागो असे तीन सामने परक्या मैदानावर जिंकले आणि फेब्रुवारी 2011 मध्ये पिट्सबर्गला 31-25 हरवून सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही जिंकला.

आता आमच्याकडं या. माझी भाची कबड्डी खेळते, चढाईपटू आहे. गेल्या हंगामात जिल्ह्यातल्याच एका गावी मुलींची स्पर्धा होती. गाव आणि मंडळ दोन्हीची नावं घेत नाही, कारण हे एकट्या त्यांचंच नाही. चार संघांचा गट, गटातून एकच उपांत्य फेरीत. भाचीच्या संघानं पहिल्याच सामन्यात तगड्या समजल्या जाणाऱ्या संघाला चार गुणांनी हरवलं. दुसरा जिंकला, तिसरा दोन गुणांनी गेला. त्या तगड्या संघाचेही दोन विजय झाले. पण त्यातला दुसरा, म्हणजे त्यांचा शेवटचा सामना, रात्री उशिरा, गटातल्या सगळ्यात कच्च्या संघाशी. त्या संघाची मुख्य चढाईपटू गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून राखीव बाकावर बसलेली. मध्यंतरालाच निकाल दिसत होता. तरी सावकाश वेळ काढण्याऐवजी लोणावर लोण चढत राहिले. बाहेरून त्यांचा प्रशिक्षक ओरडत होता, ‘अजून सोळा पाहिजेत!’ सोळा कशाला, हे मैदानावरच्या कच्च्या पोरींना कळत नव्हतं, आमच्या मुलींनाही नाही. प्रशिक्षकाला मात्र कळत होतं. सामना संपला, गुणलेखकाच्या टेबलावर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला गेला, आणि मग माइकवरून जाहीर झालं की समान विजयांमुळे गुणफरक पाहण्यात येत आहे.

मी टेबलाजवळ गेलो आणि विचारलं, प्रवेशअर्जावर हे कुठं आहे? अर्ज काढून दाखवला. मागच्या बाजूला मॅटचे बूट, जन्मदाखला, वजन, जेवणाचे कूपन, ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ असं सगळं बारीक अक्षरात होतं. बरोबरीबद्दल एक ओळ नव्हती. ‘गुणफरकच बघत्यात सगळीकडं,’ एवढंच उत्तर मिळालं. असेलही. मग त्या प्रशिक्षकाला जे माहीत होतं ते चारही प्रशिक्षकांना सकाळी सांगायला काय हरकत होती? सांगितलं असतं तर दोन गुणांनी हरलेला सामना आमच्या मुली वेगळा खेळल्या असत्या. निदान शेवटच्या चढाईत बोनस घेऊन परतायचं की जोखीम घ्यायची, याचा विचार तरी केला असता.

गुणफरकाला माझा सरसकट विरोध नाही. तो पहिल्या पायरीवर ठेवण्याला आहे. पहिल्या पायरीवर तो आला की ज्यांच्याशी तुमची स्पर्धाच नाही त्या दुबळ्या संघाला किती तुडवलं, यावर तुमचं भवितव्य ठरतं. आणि ज्याच्याशी खरी स्पर्धा होती त्याला हरवलं ते वाया जातं. अमेरिकेतही हे घडून गेलंय. 1979 साली शिकागो बेअर्स आणि वॉशिंग्टन दोघं 10-6 वर आले आणि प्रकरण गुणफरकापर्यंत गेलं. शेवटच्या दिवशी शिकागोनं सेंट लुईसला 42-6 असं धुतलं, तिकडं वॉशिंग्टन डॅलसकडून 35-34 असं एका गुणानं हरलं. फरक निघाला 57 विरुद्ध 53. चार गुणांसाठी वॉशिंग्टन घरी.

क्रिकेटचं आपल्याला नवीन नाही. 2019 च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे 11 गुण, विजयही सारखेच. साखळीत पाकिस्ताननं न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलं होतं. पण निव्वळ धावगतीवर न्यूझीलंड उपांत्य फेरीत आलं, आणि आपल्यालाच हरवून पुढं गेलं. पाकिस्तान बाहेर गेल्याचं दुःख सांगलीत कुणी केलं नसेल, मीही केलं नाही. तत्त्व म्हणून विचाराल तर ती जागा त्यांची होती. मात्र एक आहे : धावगतीचा निकष आयसीसीनं स्पर्धेआधी सांगितलेला होता. अंतिम सामन्यात चौकार-षटकार मोजून विजेता ठरला तोही छापील नियम होता. विचित्र होता, लोकांनी हसून हैराण केलं, मग त्यांनी तो बदलला. छापलेला होता म्हणूनच त्यावर बोट ठेवता आलं.

अमेरिकेतलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. डिव्हिजन जिंकणाऱ्याला पहिल्या चारात जागा आणि घरचं मैदान, हे मला पटत नाही. 2008 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स 11 सामने जिंकूनही बाहेर राहिले. डिव्हिजन मायामीला गेली, आपसात 1-1, बाकीही सारखं, अखेर कॉन्फरन्समधल्या 8-4 विरुद्ध 7-5 वर. आणि 8-8 वाले चार्जर्स आपली डिव्हिजन जिंकली म्हणून आत! 2010 मध्ये सिॲटलचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते, 7-9, तरी 11-5 वाल्या न्यू ऑर्लिन्सला त्यांच्या दारात जावं लागलं. (सिॲटल 41-36 जिंकलं, ते सोडा.) 2024 च्या हंगामात मिनेसोटा 14-3 असूनही पाचव्या क्रमांकावर, कारण त्यांच्याच डिव्हिजनमधलं डेट्रॉइट 15-2. आणि समोर आलं कोण, तर 10-7 वालं लॉस एंजेलिस रॅम्स, ज्यांनी सिॲटलशी बरोबरी झाल्यावर त्याच पाचव्या पायरीवर डिव्हिजन जिंकलेली. पुढं डेट्रॉइटनंच क्रम कामगिरीवर लावा असा प्रस्ताव मांडला आणि 2025 मध्ये मागेही घेतला. भांडण चालू आहे. पण ते नियमाशी आहे, आणि हंगाम सुरू होताना तो नियम प्रत्येकाच्या हातात असतो.

मध्येच नियम बदलायची वेळ त्यांच्यावरही आली. जानेवारी 2023 मध्ये बफेलोचा खेळाडू डमार हॅम्लिन मैदानात कोसळला, हृदय बंद पडलं होतं, सुदैवानं वाचला. सिनसिनाटीशी चाललेला तो सामना रद्द झाला आणि तक्त्यात दोन संघांचा एकेक सामना कमी पडला. तेव्हा लीगनं संघमालकांचं मतदान घेऊन शेवटच्या आठवड्याच्या सामन्यांआधी व्यवस्था जाहीर केली. त्यात एका शक्यतेत सिनसिनाटी आणि बाल्टिमोर यांच्यातला यजमान नाणेफेकीनं ठरणार होता. सिनसिनाटीच्या जो मिक्सननं गुण मिळवल्यावर हातमोज्यातून नाणं काढून मैदानातच उडवलं. त्याला दंड झाला. मला तो माणूस आवडला.

आता मूळ विनंती. दिवाळीनंतर स्पर्धांचा हंगाम सुरू होईल, मंडळं आपल्याकडं निवेदनं घेऊन येतील. प्रथम बक्षीस किती आणि कुणाच्या स्मरणार्थ, पाहुणे कोण, हे आपण छापताच. त्याच निवेदनात बरोबरी कोणत्या क्रमानं सोडवणार, ही एक ओळ मागून घ्यावी आणि छापावी. चार-सहा संघांच्या साखळीला बारा पायऱ्या लागत नाहीत. पहिली आपसातला निकाल, दुसरी समान ठरलेल्या संघांच्याच आपसातल्या सामन्यांचा गुणफरक, तिसरी सगळ्या सामन्यांचा गुणफरक, आणि तरीही सुटलं नाही तर सर्वांसमोर नाणेफेक, एवढं पुरेल. निवेदनात ती ओळ नसेल तर ‘बरोबरीचा निकष संयोजकांनी जाहीर केलेला नाही’ असं कंसात टाकावं. दुसऱ्या वर्षी आपोआप येईल.

आणि ‘सरस गुणफरकाच्या जोरावर’ असं छापताना समान ठरलेल्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्याचा निकालही शेजारी द्यावा, ही दुसरी विनंती. चार शब्दांची जागा लागेल.

आपला,
एक दिवाणजी
मार्केट यार्ड, सांगली