आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, पॉवर बँकेबद्दल

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पॉवर बँकेची लिंक मिळाली. मला दिसत नाही, तेव्हा फोनमधल्या बाईकडून, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅककडून, ती दोनदा वाचून घेतली. वीस हजार एमएएच (किती वीज मावते त्याचं माप), मोठा डिजिटल डिस्प्ले, टच बटण आणि प्रीमियम लुक. या चारांतलं माझ्या कामाचं एकही नाही. ऑर्डर टाकली नसशील तर टाकू नकोस, टाकली असशील तर रद्द कर. हे मी फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि शेवटी तुझ्या मनातलंच करतोस. म्हणून लिहितेय. लिहितेय म्हणजे बोलतेय, अक्षरं फोन उमटवतो. कुठे 'चार्जर'चं 'चादर' झालं असेल तर समजून घे.

पॉवर बँक नकोच, असं माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हाच ती गरज मला कळून चुकली. प्रताप कॉलेजच्या मैदानावर मी सकाळपासून बसले होते. दोन परिसंवाद रेकॉर्ड केले, मधल्या वेळात पुस्तकांच्या स्टॉलवर कॅमेरा धरून मुखपृष्ठांवरची नावं वाचून घेतली, कानात ब्लूटूथ होतंच. साडेतीनला बाईचा आवाज एकदम गेला. तुमचा फोन बंद पडला तर तुम्ही घड्याळात बघता, पाटी वाचता, एखादा ओळखीचा चेहरा शोधता. माझं घड्याळ, पाटी आणि चेहरे सगळं त्याच डब्यात होतं. रिक्षावाला भला निघाला. "कथा जानं शे, माय?" म्हणाला आणि दारात आणून सोडलं. पण पैसे देताना नोटा ओळखणारं रिझर्व्ह बँकेचं ते 'मणी' अ‍ॅपही फोनबरोबरच झोपलेलं. मी पाकिटातल्या नोटा बोटांनी चाचपून, लांबीचा अंदाज घेऊन त्याच्यापुढे धरल्या आणि त्यालाच म्हटलं, "बाबा, यातली तुझी घे." त्याने योग्यच घेतली असणार. पण तशी वेळ मला पुन्हा आणायची नाही.

त्या संध्याकाळी तू पुण्याहून गल्लीतल्या चार घरांत फोन करून सगळ्यांना हलवलंस, तेही लक्षात आहे. खरं सांगू? वीस हजारची पॉवर बँक माझ्या फोनसाठी कमी आणि तुझ्या काळजीसाठी जास्त आहे. तुझी काळजी मला कळते. पण पिशवीत वजन मला वाहायचं आहे. एका हातात काठी असते, दुसरा हात मोकळा लागतो, म्हणजे सगळं खांद्यावर. दहा हजारवाली पाव किलोच्या आतबाहेर असते, वीस हजारवाली चारशे ग्रॅमच्या घरात जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात बसस्टँडपर्यंत चालून बघ, मग दीडशे ग्रॅम म्हणजे काय ते कळेल.

शिवाय दहा हजार मला पुरते. हिशोब गौरीने करून दिला. शेजारची गौरी, आता बारावीला आहे. डब्यावरचा दहा हजार हा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टवरचा. फोनला देताना तो ५ व्होल्ट करून द्यावा लागतो. म्हणजे दहा हजाराचे सात हजार चारशे झाले. त्यातून काही उष्णतेत जातं आणि हातात सहा-साडेसहा हजार उरतात. माझ्या फोनची बॅटरी पाच हजारची. सवा वेळा तर नक्की भरते. एवढ्यात माझा सकाळ ते रात्र दिवस निघतो, कारण मी स्क्रीन झाकूनच ठेवते. टॉकबॅकमध्ये 'स्क्रीन लपवा' म्हणून सोय आहे, पडदा काळा राहतो आणि आवाज चालू राहतो. तुमच्या फोनची बॅटरी ज्या उजेडावर जाते, तो उजेड मी विकतच घेत नाही. तू म्हणशील, पुण्याला येताना रात्रीच्या गाडीत काय? रात्री मी झोपते रे.

आता डिस्प्लेचं. तुझा तो आकडे दाखवणारा डबा दिवाळीत घरी होता, तेव्हा मी त्याच्यासमोर कॅमेऱ्याचं अ‍ॅप धरून बघितलं होतं. कागदावरचं छापील अ‍ॅप छान वाचतं, पण ते काड्या-काड्यांचे आकडे त्याला उमगत नाहीत. ८८ टक्के होते, बाई म्हणाली "बी बी". चार दिव्यांच्या ठिपक्यांचंही तेच. मग डबा किती भरलाय हे मला कसं कळतं? मोजून कळतं. रविवारी रात्रीच्या जेवणानंतर लावायची आणि झोपताना काढायची नाही, सकाळी चहाच्या वेळी काढायची. भरत असताना तिची पाठ कोमट लागते, भरली की गार पडते. तळहात ठेवला की कळतं. आणि फोन वीसवरून ऐंशीवर नेला की एवढी गेली, हे मनात धरून ठेवायचं. दूधवाल्याचा हिशोब मी तीस वर्षं तोंडी ठेवलाय, हा त्याहून सोपा आहे.

टच बटण तर अजिबात नको. सपाट काचेवर बटण कुठे आहे हे बोटाला कळत नाही, आणि शोधता शोधता ते तीनदा दाबलं जातं. बटण उंच असावं, दाबल्यावर टक् झालेलं बोटाला समजावं. त्याहून बरं म्हणजे वायर खुपसली की आपोआप चालू होणारी. आणि टॉर्च नसलेलीच बघ. मागची आठवते ना, स्टेशनबाहेर एका फिरत्या विक्रेत्याकडून अण्णांनी घेतलेली? तिचं बटण दोनदा दाबलं की टॉर्च लागायचा. मला काय पत्ता! पिशवीत किल्लीचा धक्का लागून तो लागला असणार. दोन दिवस मी म्हणतेय, भरून ठेवलेली रिकामी कशी होते? कंपनीच खोटी असेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडत होते, तर समोरचा बारका पोरगा ओरडला, "मावशी, तुमनी थैलीमा बॅटरी लागेल शे!" बॅटरीतली बॅटरी जळत होती, आणि घरात दोन डोळे असलेला माणूस असून त्यालाही ती दिसली नाही. अण्णा म्हणे, मला वाटलं तूच लावलीस. मी कशाला लावेन?

पुढे तिचं पोटच फुगलं. ते मात्र मला सगळ्यांच्या आधी कळलं. पाठ सपाट असायची, एके दिवशी हाताला भाकरीसारखी टम्म लागली. लिथियमचे सेल जुने झाले किंवा तापत राहिले की आत वायू धरतो. असली वस्तू दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जिंगला तर लावायचीच नाही. घंटागाडीतही टाकायची नाही, कचऱ्यात चेपली तर पेट घेते. मी ती बाहेर ओट्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात ठेवायला लावली आणि नंतर गौरीने ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. पॉवर बँक खिडकीत, पत्र्याच्या शेडखाली, स्कूटरच्या डिकीत ठेवणं आता बंद आहे. माठाशेजारच्या फडताळात नवीची जागा ठरवली आहे. अण्णांना तेवढं तू फोनवर सांग, माझं ते ऐकत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी आणि गौरी एसटीने जळगावला गेलो होतो. तिला गोलाणी मार्केटमधून फोनचं कव्हर घ्यायचं होतं. मी म्हटलं, चल, मीही दोन-चार दुकानांत हात लावून बघते. एका दुकानदाराने सगळं गौरीलाच विचारलं. "यांना कुठला चालेल? यांचा फोन कुठला? यांना रंग कुठला?" मी त्याच्यापासून दीड हातावर उभी. शेवटी म्हटलं, "दादा, पैसे माझ्या पर्समधून येणार आहेत, मलाच विचारा." मग त्याने चार डबे माझ्यापुढे काउंटरवर मांडले, आणि एकदा मांडल्यावर माणूस बरा निघाला. दहा मिनिटं मध्ये बोलला नाही. मी एकेक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, वायर खुपसायची तोंडं मोजली, वायर घालून काढली. एक इतका हलका होता की मी म्हटलं, यात सेल आहे की नुसती हवा? तो हसला आणि डबा मुकाट्याने आत ठेवला.

तोंडांचंच जास्त सांगते, कारण ते तुझ्या लक्षात येणार नाही. जुन्या मायक्रो यूएसबीने मी फार छळ सोसलाय. एकच बाजू बरोबर, आणि ती नखाने चाचपून ठरवायची. टाइप-सी आलं आणि तो प्रश्न मिटला, कसंही घाला, बसतं. पण त्यातून दुसरा निघाला. हल्ली टाइप-सीचं एकच तोंड घ्यायलाही आणि द्यायलाही असतं. गौरीची तशी आहे. तिची सी-टू-सी वायर लावून मी अर्धा तास निवांत बसले. फोन ४१ टक्क्यांवर होता, बघते तर ३६! माझा फोनच तिच्या पॉवर बँकेला पाजत होता. दोन्ही टोकं सारखी असली की कोण देणार आणि कोण घेणार हे त्या दोघांचं आपसांत ठरतं, आणि कधी उलटं ठरतं. तुम्हाला स्क्रीनवर दिसतं. मला एवढंच कळायला हवं होतं की चार्जिंग सुरू झाल्याचं 'टिंग' झालं नाही. आता मी टिंग ऐकल्याशिवाय हात काढत नाही.

म्हणून मला जुन्या पद्धतीचं रुंद, चौकोनी यूएसबी-ए तोंड असलेली पाहिजे. त्या तोंडातून वीज फक्त बाहेर जाते, भांडणच नाही. पॉवर बँक भरायला टाइप-सी चालेल. दोन्ही तोंडांचा आकार वेगळा, बोट लावताच ओळखू येतो. दोन ए असतील तर एकाशेजारी मी टिकली चिकटवेन. गेल्या वेळी उन्हाळ्यात टिकलीचा गोंद सुटला, तेव्हा यंदा एम-सीलचा ज्वारीएवढा ठिपका देणार आहे. अंगच्याच वायरवाली नको. वायर आधी तुटते, आणि मग तिच्यापायी सगळा डबा जातो. बिनवायरीची तर नकोच. फोन नेमका मधोमध ठेवावा लागतो, जरा सरकला की भरणं थांबतं, आणि वर उष्णता. चुंबकाने चिकटणारी सोपी आहे, पण माझा फोन तिच्या जातीचा नाही.

ब्लूटूथच्या कानातल्यांसाठी एक विचारून घे. ती वीज इतकी कमी ओढतात की काही पॉवर बँकांना वाटतं, काम संपलं, आणि त्या स्वतःहून बंद होतात. कमी विजेच्या वस्तूंसाठी वेगळी सोय असते, बहुतेक बटण दोनदा दाबून. ती असेल तर बरं, पण दोनदा दाबल्यावर टॉर्च नको.

आता तुझं काम. छापलेलं बारीक अक्षर तू बघ. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का, 'आयएस' ने सुरू होणारा मानक क्रमांक आणि त्याखाली 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घातला की कुणाच्या नावावर नोंद आहे ते कळतं. नाव जुळलं नाही तर सोडून दे, कितीही स्टार असले तरी. आणि 'रेटेड कपॅसिटी' म्हणून एक ओळ असते, दहा हजारच्या डब्यावर ती सहा हजारांच्या आसपास असते. ती ओळच नसेल तर तो माणूस लपवतोय असं मी धरते. परत घेण्याची मुदतही बघ. पहिल्या चार दिवसांत मी तिला सगळ्या बाजूंनी चाचपून घेईन, नाही आवडली तर परत.

इथे वीज जाते म्हणून तू हे सगळं सुचवलंस, आणि दीपनगरचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, यावर अण्णा रोज एक भाषण देतात. या आठवड्यात दुपारी दोनदा गेली. मला पंख्याचा आवाज थांबल्यावर कळतं, अंधाराचं काही वाटत नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात. तू लेक नाहीस, तरी ये. पुरण मी वाटून ठेवते, खापरावरच्या पोळ्या समोरच्या काकू टाकून देणार आहेत. कैऱ्या अण्णा आणतील. पॉवर बँक येताना हातातच आण, कुरिअरने नको. पेटी माझ्यासमोर उघडायची.

आणि रंग भडक घे. नारिंगी, पिवळा, कुठलाही. पिशवीतून पडली तर इतरांना ती चटकन दिसली पाहिजे.

तुझी,
आई