पारावर काय सांगायचं?

धडगाव,
होळीनंतरचा चौथा दिवस

ती. नाना आणि आई,
सा. न.

नाना, संक्रांतीला पारावरच्या मंडळींनी तुम्हाला विचारलं, "पोरगी काय करते हल्ली?" तुम्ही "लिहिते" म्हणालात आणि घरी आल्यावर मला म्हणालात, "पुढच्या वेळी नेमकं काय सांगू?" मी हसून वेळ मारून नेली. ते बरोबर झालं नाही. कविता, नाटक, पेपर आणि आता पाड्यांवरचं हे काम. वीस वर्षांत पोरीचा पाय कुठं ठरला नाही, असं तुम्हाला वाटलं तर नवल नाही.

आई, सुरुवात तुझ्यापासून झाली. मी नऊ वर्षांची असेन. श्रावणातला कानबाईचा रविवार, ओसरीवर रात्रभर गाणी. शेजारच्या काकूंचा मुलगा त्याच महिन्यात सुरतेला कामाला गेला होता. त्या मागे भिंतीला टेकून नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. तू गाता गाता कानबाईला सांगितलंस की तापीच्या शेवटाला गेलेल्या लेकराला सांभाळ. काकूंनी पदर तोंडाला लावला. मागच्या वर्षी ती ओळ गाण्यात नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी विचारलं तर म्हणालीस, "तोंडात आली, म्हटली." समोर बसलेल्या बाईसाठी ओळ जोडायची असते, हे मला त्या रात्री कळलं. पुढे वाचलेल्या कुठल्याच पुस्तकानं त्याहून मोठं काही शिकवलं नाही.

आणि नाना, भुसावळला जाताना भादली स्टेशन आलं की तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवायचात. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक ठोंबरे, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला बालकवी म्हणाले आणि १९१८ साली इथं, या रुळांवर गेला. दर वेळी तेवढंच सांगायचात आणि दर वेळी तुमचा आवाज बसायचा. आपल्या बाजूचा माणूस कवी होतो आणि माझे वडील त्याच्यासाठी हळहळतात, एवढं मला पुरलं.

राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगावच्या फेरीला तुम्ही एसटीनं आलात, मागच्या रांगेत बसलात आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून न भेटताच गेलात. गेटवरच्या माणसाकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवून गेलात. ते फडकं अजून माझ्याकडे आहे.

पेपरची नोकरी सोडली तेव्हा तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत. मानधन तीन महिने थकलं होतं, हे मी सांगितलं होतं. खरं कारण दुसरं होतं. रावेरकडे वादळात केळी आडवी झाली होती. एका बागेत एक म्हातारे बाबा मोडलेल्या खोडाचा घड दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या झाडाला टेकवत होते. घड पडू नये म्हणून. खोड तर केव्हाच मोडलं होतं. मी ते लिहून पाठवलं. छापून आलं ते किती हेक्टर आणि पंचनामे कधी, एवढंच. तेही हवंच, मदत त्याच्यावर मिळते. माणसाचं नाव-गाव दोनदा विचारायचं, ही सवय मला त्या नोकरीनंच लावली. पण ते बाबा डोळ्यांसमोरून जाईनात. आधी त्यांच्यावर कविता झाली, मग एकांकिका. ती रावेरच्याच एका गावात केली, तर एक शेतकरी मधेच उठला. "घड असा नाही धरत, ताई." वर आला, धरून दाखवला आणि अख्खं गाव गप्प झालं. त्या दिवसापासून मी लोकांसाठी नाटक करणं सोडलं. लोकांबरोबर करते.

इथं तेच चाललंय. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीला परत आलीत. त्यांच्या पोरांनी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात नाटक केलं. बोली पावरी, मला अर्धीच कळते, म्हणून संवाद त्यांचेच. जमिनीवर खडूनं ट्रक आखला आणि बारा पोरं त्यात दाटीवाटीनं बसली. बघणाऱ्यांतली एक आजी पुढं आली, डोक्यावरची पाण्याची कळशी उतरवली आणि त्या खडूच्या ट्रकात पोरांच्या मधे नेऊन ठेवली. वाटेत तहान लागेल म्हणून. पोरं संवाद विसरली. मलाही पुढचं दिसेना.

तर नाना, पारावर सांगा, लोकांचं ऐकते आणि त्यांच्याकडूनच वठवून घेते. लांबण वाटलं तर सांगा, आईचंच काम करते.

आता एक मागणं आहे. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. पण पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर. आई, तुझ्या गाण्यांना मला उशीर करायचा नाही. चैत्रात आठ दिवस येते, जाड वही घेऊन. ती सुरतेची ओळ आधी म्हण.

नाना, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. ती म्हणेल तसं तुम्ही लिहून घ्याल का?

तुमची,
बेबी